डूम्सडे बुकातील गावनोंद

डूम्सडे बुकातील गावनोंद : इंग्लंडचा नॉर्मन राजा पहिला विल्यम याने १०८६ मध्ये करविलेल्या जमीनपाहणीतील एका गावाची किंवा जहागिरीची नोंद. पाहणीचा निर्णय १०८५ च्या नाताळात ग्लॉस्टर येथील दरबारात झाला. नोंदलेली ठिकाणे १३,००० हून अधिक आहेत. भाषा लॅटिन, तीही संक्षेपांनी खच्चून भरलेली. गावांच्या नावांवरून तांबडी रेघ ओढलेली दिसते. ती खाडाखोड नसून नाव चटकन सापडावे म्हणून केलेली खूण आहे.

नमुन्यादाखल त्या काळी वॉरिकशर परगण्यात असलेले बर्मिंगहॅम घ्यावे. आजच्या या महानगराची तेव्हाची नोंद जेमतेम चार-पाच ओळींची आहे. विल्यम फिट्झ-अन्सकल्फ या सरदाराकडून रिचर्डने ४ हाइड जमीन धरली आहे. जमीन ६ नांगरांची. मालकाच्या खासगी शेतीत १ नांगर. ५ ‘विलानी’ व ४ ‘बॉर्डारी’ यांचे मिळून २ नांगर. रान अर्धा लीग (लांबीचे जुने माप) लांब, २ फर्लांग रुंद. किंमत पूर्वी २० शिलिंग, पाहणीच्या वेळीही तेवढीच. एडवर्ड राजाच्या काळी जमीन वुल्फविनकडे होती.

पहिली ठेच हाइडपाशी लागते. एक हाइड म्हणजे १२० एकर असे सर्रास सांगितले जाते, पण येथे हाइड हे करआकारणीचे एकक आहे. सातबाऱ्यावर ‘क्षेत्र’ वेगळे आणि ‘आकार’ वेगळा असतो. हाइडचे नाते आकाराशी जवळचे. शेतीचा अंदाज नांगरांवरून बांधावा लागतो. नांगर आठबैली धरला जाई. सहा नांगरांच्या जमिनीवर तीनच चालू होते, म्हणजे ४८ बैलांच्या जागी २४. यामागचे कारण नोंद देत नाही. मात्र आणखी उत्पन्न निघू शकेल का, हा प्रश्न पाहणीदार विचारीत, हे ध्यानात ठेवले की या आकड्यांचा रोख कळतो.

विलानी म्हणजे जमीनदाराशी बांधलेली, बऱ्यापैकी जमीन असलेली कुळे. बॉर्डारींची जमीन त्यांच्याहून थोडी. मोजलेली नऊ माणसे बहुधा कुटुंबप्रमुख आहेत. दर घरी चार-पाच माणसे धरून अभ्यासक वस्ती चाळीस-पंचेचाळीस काढतात. तो हिशेब त्यांचा, पाहणीचा नव्हे. बायका-मुले मोजणीत नाहीत. ‘किंमत’ हीदेखील विक्रीची नसून जमीनदाराला वर्षाकाठी मिळणाऱ्या उत्पन्नाची आहे. शेजारच्या ॲस्टनची १०० शिलिंग होती.

‘एडवर्ड राजाच्या काळी’ ही अक्षरे नोंदींतून पुन्हापुन्हा येतात. १०६६ च्या नॉर्मन विजयापूर्वीची, म्हणजे विल्यम राजाने इंग्लंड जिंकण्याआधीची स्थिती असा त्यांचा अर्थ. एडवर्ड व विल्यम या राजांच्या मधला राजा हॅरल्ड याची कारकीर्द हिशेबात धरलेलीच नाही, कारण विल्यमच्या लेखी तो राजा नव्हताच.