पिशवीचं तोंड महिनाभर बदलत असतं

'अंगावरून पांढरं जातंय' ही मराठवाड्यातल्या दवाखान्यांत बायकांची नेहमीची तक्रार. त्यावर कुणी 'पिशवीच्या तोंडाला जखम आहे' म्हटलं की घरात कॅन्सरची भीती शिरते. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कारणं अनेक होती, ही भीती त्यातलंच एक. म्हणून पिशवीचं तोंड निरोगीपणी कसं वागतं, हे प्रत्येकीला ठाऊक हवं.

पाळी संपल्यावर हे गर्भाशयमुख खाली, कोरडं आणि घट्ट असतं. बोटाला नाकाच्या शेंड्यासारखं लागतं. मग इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं, तसं ते वर सरकतं, मऊ पडतं, छिद्र किंचित उघडतं. स्राव पातळ, पारदर्शक होतो. दोन बोटांत धरून ताणला तर आठ-दहा सेंटिमीटरची तार निघते. या स्रावात शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत तग धरतात. स्त्रीबीज मात्र जेमतेम १२ ते २४ तास जगतं. गर्भ राहण्याचे दिवस ते हेच. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकामुळे स्राव दाट, चिकट होतो आणि वाट बंद होते.

स्वतः तपासायचं असेल तर नखं कापलेली हवीत, हात साबणाने धुतलेले. रोज एकाच वेळी, उकिडवं बसून मधलं बोट आत घालायचं. बसण्याची पद्धत बदलली की उंचीही बदलल्यासारखी वाटते, बहुतेकींचा गोंधळ इथेच होतो. एका दिवसाच्या तपासणीतून काहीच कळत नाही. दोन-तीन महिन्यांची नोंद हवी. जंतुसंसर्ग असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर बोट घालू नये.

दिवस गेल्यावर सहाव्या ते आठव्या आठवड्यात तिथला रक्तपुरवठा वाढतो. गर्भाशयमुख निळसर-जांभळं दिसतं, ओठाइतकं मऊ होतं, आत दाट स्रावाचं बूच बसतं. पण हे ओळखायला डॉक्टरांची नजर लागते. पाळी चुकली की आशाताईंकडून 'निश्चय' हे गर्भचाचणीचं किट घ्यावं आणि सकाळच्या पहिल्या लघवीवर तपासावं, बोटाच्या अंदाजावर राहू नये.

आतली नाजूक लालसर त्वचा बाहेरच्या बाजूला दिसू लागणं, हे तरुण वयात, गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना सर्रास घडतं. तिलाच पुष्कळदा 'जखम' म्हटलं जातं. संबंधानंतर तिथून रक्ताचा डागही पडू शकतो. मात्र गरोदरपणात कुठल्याही डागाबद्दल डॉक्टरांना सांगायचंच. सोबत पोटात एका बाजूला कळ, चक्कर असेल तर गर्भ नळीत राहिल्याची शक्यता असते. तेव्हा तासभरही थांबू नये.

पांढऱ्या पाण्याला दुर्गंधी, खाज, हिरवट रंग असेल तर औषध लागतं. पाळी गेल्यावर रक्त दिसलं, किंवा एरवीही संबंधानंतर पुन्हा पुन्हा दिसलं, तर तपासणी लागते. धाराशिव जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक महिलांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्ही म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणारा विषाणू. आयुष्यात एकदा त्याची तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने, जवळपास निम्मे झाले. तेव्हा कुणी पिशवी काढायला सांगितलं, तर आधी एचपीव्ही किंवा बायोप्सीचा (तुकडा काढून केलेल्या तपासणीचा) लेखी रिपोर्ट मागा आणि तो घेऊन जिल्हा रुग्णालयात दुसरं मत घ्या.