सायनाइडवरचा उतारा आणि भोपाळचं भांडण

सायनाइड म्हटलं की आपल्याकडे सगळे एकच धरून चालतात, जिभेला लागलं की खेळ खल्लास, त्यावर औषधच नाही. पण औषध आहे, आणि चांगलं जुनं आहे.

सायनाइड पेशीत शिरून ऑक्सिजन वापरणाऱ्या एन्झाइममधलं लोह धरून बसतं, म्हणजे रक्तात ऑक्सिजन भरपूर पण पेशींना तो वापरताच येत नाही, म्हणून शिरेतलं रक्तसुद्धा लालभडक दिसतं. १८८८ मध्ये पेडिगो नावाच्या अमेरिकन डॉक्टरने कुत्र्यांवर दाखवलं की अमिल नायट्राइट यावर चालतं. मग १९३३ मध्ये एली लिली या औषध कंपनीतले के. के. चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन औषधांची जोडणी केली. अमिल नायट्राइटची कुपी रुमालात फोडून हुंगवायची, मग शिरेतून सोडियम नायट्राइट ३०० मिलिग्रॅम, मागोमाग सोडियम थायोसल्फेट १२.५ ग्रॅम. नायट्राइटमुळे हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन होतं (ज्याला ऑक्सिजन वाहता येत नाही) आणि ते सायनाइडला आपल्याकडे ओढतं, थायोसल्फेट गंधक पुरवतं, सायनाइडचं थायोसायनेट होऊन लघवीवाटे बाहेर पडतं. पुढची कित्येक दशकं हेच किट चाललं.

आता भोपाळ. २-३ डिसेंबर १९८४ ची रात्र, युनियन कार्बाइड कंपनीच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू गळला आणि हजारो माणसं मेली. भांडण हे, की त्यांना सायनाइडचीही बाधा झाली होती का. गांधी मेडिकल कॉलेजचे डॉ. हीरेश चंद्र पोस्टमॉर्टेम करत होते, त्यांना रक्त लालभडक दिसलं आणि सायनाइडचा संशय आला. युनियन कार्बाइडच्या सुरुवातीच्या सल्ल्यातही सायनाइडची शंका असेल तर हीच औषधं द्या असं होतं, नंतर मात्र कंपनीने सायनाइडचा विषयच झटकून टाकला. म्युनिकहून मॅक्स डाउंडरर हे विषतज्ज्ञ थायोसल्फेटचा साठा घेऊन आले, तर त्यांनाच परत पाठवलं! १९८५ च्या सुरुवातीला आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) चाचणी घेतली, इंजेक्शननंतर रुग्णांच्या लघवीत थायोसायनेट वाढलं, बऱ्याच जणांना बरंही वाटलं, आणि आयसीएमआरने थायोसल्फेट द्या असं सांगितलं. तरी वाटप रखडलंच. मेडिको फ्रेंड सर्कल हा डॉक्टर-कार्यकर्त्यांचा गट, ज्यात आपल्या पुणे-सेवाग्रामकडचे डॉक्टरही होते, त्यांनी मार्च १९८५ मध्ये वस्त्यांमध्ये पाहणी करून थायोसल्फेटची बाजू घेतली. जूनमध्ये तर ही इंजेक्शनं देणाऱ्या जनस्वास्थ्य केंद्रावर पोलिसांची धाड पडली, डॉक्टरांना अटक झाली.

विरोध करणाऱ्या सगळ्यांनाच विकलं गेलेले म्हणणं बरोबर नाही, सायनाइड शरीरातून लवकर निघून जातं मग महिन्यांनंतर उतारा कशाला, हा प्रश्न खराच होता आणि वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. पण थायोसल्फेट एकटं दिलं तर बऱ्यापैकी सुरक्षित, वर स्वस्त. देऊन बघायला काय हरकत होती? मला तरी वाटतं अडचण औषधात नव्हतीच, ते दिलं की सायनाइड मान्य केल्यासारखं होतं आणि मग नुकसानभरपाईचा आकडा कुठे जाईल, ही भीती होती.

नायट्राइटची खरी अडचण आगीत कळते. फोम, नायलॉन, लोकर जळली की धुरात सायनाइड असतं आणि कार्बन मोनॉक्साइडही, म्हणजे बरंच हिमोग्लोबिन आधीच अडकलेलं, त्यात नायट्राइटने उरलेलंही कमी करायचं म्हणजे आगीतून फुफाट्यात. म्हणून फ्रेंचांनी हायड्रॉक्सोकोबालामिन धरलं. त्यातलं कोबाल्ट सायनाइडला बांधतं आणि तयार काय होतं, तर सायनोकोबालामिन, म्हणजे आपलं गोळ्यांमधलं बी-१२! अमेरिकेत याला डिसेंबर २००६ मध्ये परवानगी मिळाली, मोठ्या माणसाला ५ ग्रॅम, १५ मिनिटांत शिरेतून. कातडी आणि लघवी काही दिवस, कधी काही आठवडेही लाल होते आणि रंगावर चालणाऱ्या लॅब टेस्ट चुकतात, म्हणून जमलं तर रक्ताचा नमुना औषध सोडायच्या आधीच काढून ठेवतात.