संक्षेपित ध्वनीची श्रवणचाचणी

एकच ध्वनिमुद्रण एमपी३, एएसी, ऑग व्हॉर्बिस किंवा ओपस स्वरूपात साठवल्यावर मुळाच्या किती जवळ राहते, हे कानांनी ठरवण्याची रीत. सीडीवरच्या आवाजाचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला खर्च होणारी माहिती, सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट असतो. १२८ किलोबिटच्या एमपी३मध्ये त्याचा अकरावा हिस्सा उरतो. मोठ्या सुराआड जे ऐकू येणार नाही असे एन्कोडरला, म्हणजे आवाज दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमला, वाटते, ते तो टाकून देतो. त्याचा हा अंदाज कुठे चुकतो, तेच शोधायचे असते. फ्लॅक या स्वरूपात फाइल लहान होते, पण काहीच गळत नाही, म्हणून ते तुलनेसाठी मूळ म्हणून चालते.

एन्कोडरला कोड्यात टाकणारा उत्तम आवाज कोल्हापुरात कुस्तीच्या मैदानावर मिळतो : हलगी. तिचा कडक आघात क्षणात उमटतो. एमपी३ मात्र आवाजाचा हिशेब ५७६ नमुन्यांच्या (आवाजाच्या क्षणोक्षणी घेतलेल्या मोजमापांच्या) तुकड्यांत मांडतो आणि दाबताना झालेली चूक तुकडाभर पसरते. त्यामुळे कमी बिटरेटवर थाप पडण्याआधीच बारीक फुसफुस ऐकू येते. आघात ओळखला तर एन्कोडर १९२ नमुन्यांच्या आखूड तुकड्यांवर येतो. एएसी १२८ नमुन्यांपर्यंत उतरते, हा तिचा मोठा फायदा.

तानपुऱ्याची अडचण वेगळी. जवारीतले, म्हणजे तारांच्या गुंजनातले, वरचे स्वरांश कमी बिटरेटवर पाण्याखालून आल्यासारखे डुलतात. शाहू महाराजांच्या आश्रयाने जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ कोल्हापुरात राहिले, त्यामुळे ती गायकी इथल्या कानांना घरची आहे. तिच्या जुन्या तबकड्यांच्या फाइलींना बिटरेट सढळच हवा : खरखर कमी बिटांत बसवायला फार अवघड असते, बिट तिच्यावर खर्ची पडतात आणि गळ्याच्या वाट्याला कमी येतात.

चाचणीत ऐकणाऱ्याला फाइलीचे नाव कळता कामा नये. एबीएक्स पद्धतीत ‘ए’ मूळ, ‘बी’ दाबलेला आणि ‘एक्स’ त्यांपैकी एक. तो कोणता, हे सांगायचे. १६ पैकी १२ किंवा अधिक उत्तरे निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. दोन्हींची आवाजपातळी आधी जुळवावीच लागते, कारण किंचित मोठा आवाजसुद्धा सरस वाटतो.

६४ किलोबिटला ओपस एमपी३च्या स्पष्टपणे पुढे असते. १९२च्या वर चांगल्या एन्कोडरचा फरक बहुतेकांना सांगता येत नाही. १२८चा एमपी३ पुन्हा ३२०वर साठवला, तर फाइल फुगते. गेलेला सूर परत येत नाही.