डॉलरचे फॉरवर्ड: पात्रता, कागदपत्रे, मार्चअखेरची नोंद आणि कराचा वाद

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतून परदेशी कास्टिंग पाठवणाऱ्या कारखान्यांना डॉलरचे फॉरवर्ड (पुढच्या तारखेला डॉलर विकण्याचा भाव आजच ठरवणारा बँकेशी सौदा) नवे नाही. बँकेत फोन लावायचा, भाव ठरवायचा आणि आपल्या कामाला लागायचे, अशीच सवय असते. घोळ उघडा पडतो तो मार्चअखेरीस ऑडिटर फाइल मागतो तेव्हा, नाहीतर काही वर्षांनी आयकर खाते तोट्याचा हिशेब विचारते तेव्हा. दोन्ही वेळा लागणारे कागद सौदा केला त्याच दिवशी तयार व्हायला हवे होते, हे तेव्हा कळून काही उपयोग नसतो.

बँकेकडे

पात्रतेची अट एकच, पण पक्की: परकीय चलनाची खरी जोखीम हवी. हातात निर्यातीची ऑर्डर, बिल, एलसी (खरेदीदाराच्या बँकेचे पैशाचे हमीपत्र) किंवा डॉलरमधले कर्ज असेल तर ती करारबद्ध जोखीम. ऑर्डर अजून आलेली नाही, पण दरवर्षीच्या व्यवहारावरून येणार हे दिसते, ती अपेक्षित जोखीम. दुसऱ्या प्रकारातही फॉरवर्ड मिळते, मात्र त्यात नफा झाला तर प्रत्यक्ष निर्यातीचे पैसे येईपर्यंत बँक तो हातात देत नाही. सौद्याची रक्कम आणि मुदत जोखमीपेक्षा जास्त नको, आणि तीच ऑर्डर दुसऱ्या बँकेत दाखवून पुन्हा फॉरवर्ड करता येत नाही. तसे हमीपत्रच बँक घेते.

कागदपत्रांत पॅन, आयात-निर्यात कोड, बँकेचा मुख्य करार, एलईआय कोड (कंपनीचा जागतिक ओळख क्रमांक; याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, आणि नेमके तेच राहून जाते) आणि संचालक मंडळाचा ठराव. ठरावात ‘फॉरवर्ड करण्यास मान्यता’ एवढीच ओळ नको. सौदा कोण करणार, किती रकमेपर्यंत आणि कशासाठी, हे लिहा. बँकेने ‘रिटेल’ म्हणजे सामान्य ग्राहकांच्या गटात धरले असेल, तर सौद्याआधी बाजारातला मधला भाव (खरेदी आणि विक्रीच्या भावांचा मध्य) सांगणे तिच्यावर बंधनकारक आहे. तो विचारून फाइलमध्ये लिहून ठेवा. बँकेने आपल्याकडून किती पैसे काढले ते त्यावरूनच समजते.

हेजची टिपणी

हेज म्हणजे जोखमीसमोर केलेला बचावाचा सौदा, इथे फॉरवर्ड. त्याच्या टिपणीचे हे एक पान बँक मागत नाही, म्हणून ते कोणी करत नाही. माझ्या मते सगळ्या फाइलमध्ये महत्त्वाचे पान हेच. कोणती ऑर्डर, किती डॉलर, कोणत्या महिन्यात येणार, त्यासमोर कोणते फॉरवर्ड, आणि ऑर्डर व फॉरवर्डचा मेळ बसतो की नाही ते कसे तपासणार, एवढे लिहून तारीख घालून सही करायची. लिस्टेड कंपन्या आणि 250 कोटी किंवा जास्त नेटवर्थच्या कंपन्यांना इंड एएस (नवी भारतीय लेखामानके) लागू आहे. इंड एएस 109 प्रमाणे हेज अकाउंटिंग, म्हणजे फॉरवर्डचा नफा-तोटा ऑर्डरच्या विक्रीसोबतच दाखवणे, हवे असेल तर ही टिपणी सुरुवातीलाच लागते. मागची तारीख घालून ती चालत नाही.

समजा, जानेवारीत 2 लाख डॉलरची ऑर्डर आली, माल जूनमध्ये जाणार, आणि जूनचे फॉरवर्ड 86.50 ने विकले. 31 मार्चला जूनचाच भाव 88 रुपये आहे. कागदोपत्री तोटा 3 लाख. टिपणी असेल तर हे 3 लाख (हेज जुळते तेवढे) इतर सर्वसमावेशक उत्पन्नातून (नफा-तोट्याबाहेर दाखवायचा भाग) राखीव निधीत जातात आणि माल विकला की विक्रीसोबत नफा-तोट्यात येतात. टिपणी नसेल तर आजच नफा-तोटा पत्रकात, म्हणजे खर्च या वर्षी आणि विक्री पुढच्या वर्षी.

इंड एएस लागू नसलेल्या कारखान्यात बिल आधीच झाले असेल तर जुन्या लेखामानक एएस 11 प्रमाणे फॉरवर्डचा प्रीमियम (फॉरवर्डचा भाव आणि त्या दिवशीचा भाव यांतला फरक) मुदतीवर विभागायचा. बिल व्हायचे असेल तर आयसीएआय या सीएंच्या संस्थेची डेरिव्हेटिव्हवरची (फॉरवर्डसारख्या सौद्यांवरची) मार्गदर्शक टिपणी पाहायची.

कर

खाली 1961 च्या आयकर कायद्यातले क्रमांक आहेत. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा कायदा लागू असल्याने पुढच्या वर्षांसाठी ते वेगळे असतील.

न झालेल्या निर्यातीवरच्या फॉरवर्डचा तोटा आयसीडीएस 6 (करासाठीचे हिशेबाचे मानक) प्रमाणे सौदा पुरा झाल्यावरच धरला जातो. त्यामुळे वरचे 3 लाख नफा-तोट्यात घेतले असतील तर करासाठी ते उत्पन्नात परत जोडायचे आणि डिफर्ड टॅक्स (पुढच्या वर्षी वसूल होणारा कर) दाखवायचा. यात वाद नाही. वाद होतो तो ऑर्डर रद्द झाल्याने फॉरवर्ड मोडून तोटा आला की. अधिकारी कलम 43(5) दाखवून त्याला सट्टा म्हणू शकतो, आणि सट्ट्याचा तोटा फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो. मुंबई उच्च न्यायालयाने 2003 मध्ये बद्रीदास गौरीदू या कापूस निर्यातदाराच्या प्रकरणात असा तोटा धंद्याचाच मानला आहे. पण तो निवाडा आपल्याला लागू पडतो हे ऑर्डर आणि फॉरवर्डची जोडी दाखवूनच सिद्ध होते. 

अशा 40 लाखांच्या तोट्यावर, 25.168 टक्के दराने, सुमारे 10.07 लाखांचा कर अडकतो. पुस्तकात काय लिहायचे? 1 एप्रिल 2019 पासून लागू असलेले इंड एएस 12 चे परिशिष्ट सी सांगते की अधिकाऱ्याला सगळी माहिती आहे असे धरूनच विचार करायचा. ‘त्यांच्या लक्षात येणार नाही’ हा मुद्दाच बाद. दावा मान्य होण्याची शक्यता जास्त असेल तर तरतूद नाही; नसेल तर सर्वांत संभाव्य किंवा अपेक्षित रक्कम धरायची. हे फक्त आयकरापुरते. जीएसटीचा वाद इंड एएस 37 मध्ये जातो.

आदेश विरुद्ध गेला तर

मागणीची नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत पहिल्या अपील अधिकाऱ्याकडे ऑनलाइन अपील, नमुना 35. निर्धारित उत्पन्न 2 लाखांवर असेल तर फी 1,000 रुपये. सोबत आदेश, मागणी नोटीस, चलन, घटनांचे निवेदन आणि अपिलाची कारणे. विवरणपत्रात दाखवलेल्या उत्पन्नावरचा कर आधी भरलेला हवा. वादातल्या मागणीच्या 20 टक्के भरल्यास बाकीच्या वसुलीला सहसा स्थगिती मिळते, पण त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. आयकर नियमांतल्या नियम 46अ मुळे अधिकाऱ्यापुढे न दाखवलेला कागद अपिलात सहजासहजी घेतला जात नाही. तेव्हा हेजची टिपणी करनिर्धारणाच्या वेळीच पुढे ठेवा.

तिथेही हार झाली तर आयकर अपील न्यायाधिकरणाचे पुणे खंडपीठ. मुदत आदेश मिळालेल्या महिन्याच्या अखेरीपासून दोन महिने. प्रत्येक आदेशानंतर तरतुदीचा आकडा पुन्हा तपासायचा, आणि बदलला तर का बदलला ते त्याच फाइलला लावायचे.