न्हाणीघराला पॅनेल बसवायचंय? आधी भिंत दाखवा

जुन्या टाइल न फोडता, घरभर धूळ न करता न्हाणीघर नवं करायचं म्हणून बरेच जण आमच्या लातूरच्या दुकानात पीव्हीसी पॅनेल, म्हणजे भिंतीवर बसवायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, विचारत येतात. काम दोन दिवसांचं. पण आम्ही मोजायची टेप लावण्याआधी भिंत बघतो आणि ती ओली निघाली तर काम घेत नाही. त्यावरून काही मंडळी नाराज होतात, म्हणून हा कागद छापलाय.

पॅनेल पाणी भिंतीत जाऊ देत नाही, तसंच भिंतीतलं पाणी बाहेरही येऊ देत नाही. आतली लाइन झिरपत असेल किंवा गच्चीचं पाणी उतरत असेल, तर मागचं प्लास्टर भुसभुशीत होत राहतं आणि पुढून सगळं चकाचक. मग एक दिवस पलीकडच्या खोलीत रंगाचे पोपडे सुटतात. घरीच तपासा: हातभर प्लास्टिकचा कागद चारही कडांना टेप मारून भिंतीला लावा, एक दिवस-रात्र ठेवा. कागदाच्या आतून थेंब धरले तर ओल भिंतीतली. बाहेरून धरले तर ती आंघोळीची वाफ, तिची काळजी नको.

जुन्या वाड्यांच्या दगड-मातीच्या भिंतींना आम्ही सहसा नाहीच म्हणतो. जमिनीतली ओल त्यात वर चढते, खार फुटतो, आणि मातीत स्क्रू धरत नाही. तिथे चुन्याचा गिलावा बरा, तो करणारा गवंडी शोधा.

प्लाय, एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) किंवा साधा जिप्सम बोर्ड स्वस्त पडतो म्हणून न्हाणीत लावू नका, फुगतो. सिमेंट बोर्ड पाण्याने सडत नाही, पण पाणी अडवतही नाही. त्यावर वॉटरप्रूफिंगचे हात आणि मग टाइल, असं पूर्ण काम करायचं असेल तरच तो घ्या.

भिंत सरळ असेल तर आम्ही पॅनेल थेट चिकटवतो. वाकडी असेल तर पट्ट्यांची फ्रेम करावी लागते. मागे पोकळी राहिली की झुरळांना घर मिळतं, म्हणून खालची-वरची कड आम्ही बंद करतो. मात्र कडेला थोडी फट मुद्दाम सोडून ती सिलिकॉनने भरतो. आपल्याकडच्या हिवाळ्या-उन्हाळ्यात पॅनेलची १० फुटी पट्टी लांबीला ५ मिलिमीटरच्या आसपास कमी-जास्त होते. घट्ट ठोकली तर मे महिन्यात फुगून बाहेर येते.

बंब असेल तर आधीच सांगा. पीव्हीसी उष्णतेने मऊ पडतं, त्या बाजूला टाइलच राहू द्या. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे न्हाणीत बॅरल असतोच. तो पॅनेलला टेकवू नका, सरकवताना कड चिरते. आणि थंडी वाजते म्हणून झरोका झाकून द्या, असं कुणी म्हणालं तर आम्ही ऐकत नाही. आत गॅस गिझर असेल तर बंद खोलीत विषारी वायू साठतो, त्याला वासही नसतो. खरं तर तो गिझर न्हाणीबाहेरच हवा.

बिलाबद्दल. पट्टी १० इंच रुंद, १० फूट लांब येते. ५ बाय ७ फुटांच्या न्हाणीचा घेर २४ फूट, म्हणजे दार वजा न करता २९ पट्ट्या. भिंत ७ फूटच असेल तर प्रत्येकीतून ३ फूट उरतात. काही तुकडे दारावर, खिडकीखाली जातात, पण पैसे अख्ख्या पट्टीचे लागतात. उरलेले तुकडे तुम्हालाच देऊ, ठेवून द्या. पुढे तोच रंग मिळेलच असं नाही.

बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग ओल्या फडक्याने रोजच्या रोज पुसा. जुने झाले तर पाणी मिसळलेलं व्हिनेगर चालतं. तारेची घासणी नको, आणि टाइलचं ॲसिडही नको, त्याने कडेच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या खराब होतात.

काम संपल्यावर सिलिकॉन धरायला २४ तास लागतात. त्या दिवसाची आंघोळ शेजाऱ्यांकडे आधीच ठरवून ठेवा.