बारावा टनर उतरवण्याआधी: क्लोरीन साठ्याची साइट नोटिफिकेशन कोणाला लागते, काय जोडावे

एका टनरमध्ये, म्हणजे क्लोरीन भरून आणायच्या मोठ्या आडव्या सिलिंडरमध्ये, साधारण ९०० किलो क्लोरीन असतो. अकरा टनर म्हणजे ९.९ टन, बारावा आला की १०.८. क्लोरिनेटेड पॅराफिनसारखा माल काढणाऱ्या कारखान्यांनी हा हिशेब पक्का ठेवायला हवा, कारण १० टनांपासून ‘धोकादायक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात नियम, १९८९’ यांतली नोटिफिकेशन, म्हणजे साठ्याची लेखी माहिती सरकारला आधी कळवणे, सक्तीची होते.

भोपाळनंतर आलेल्या १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) कायद्याखाली हे नियम झाले. बहुतेक रसायनांना त्यात दोन मर्यादा आहेत. क्लोरीनची खालची १० टन आणि वरची २५ टन. भोपाळला ज्याने माणसे मारली त्या मिथाइल आयसोसायनेटची मर्यादा तर अवघी १५० किलो आहे. खालची मर्यादा गाठली की नोटिफिकेशन आणि ऑन-साइट आपत्कालीन आराखडा लागतो. वरची गाठली, म्हणजे टनरच्या भाषेत अठ्ठाविसावा आला, की सेफ्टी रिपोर्टही द्यावा लागतो.

मोजायचे ते एका वेळी आवारात असू शकेल इतके जास्तीत जास्त प्रमाण. महिन्याची सरासरी इथे कामाची नाही. शेडमधले, लाइनला जोडलेले, गाडीतून उतरायचे, सगळे टनर धरा. तुमचेच दुसरे युनिट ५०० मीटरच्या आत असेल तर तिथला साठाही यात मिळवावा लागतो. शेजारशेजारच्या दोन प्लॉटवर माल विभागून ठेवला म्हणजे सुटलो, असे समजणारे इथेच अडकतात.

महाराष्ट्रातल्या कारखान्यांसाठी अर्ज औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जातो, तोही भोगवटादाराच्या, म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा असलेल्या व्यक्तीच्या (ऑक्युपायर), नावाने. काम सुरू करण्याच्या किमान तीन महिने आधी अनुसूची ७ प्रमाणे लेखी अहवाल द्यायचा. तो मिळाल्यापासून ६० दिवसांत मंजुरीचा निर्णय अपेक्षित आहे. त्रुटी दिसली तर सुधारणा नोटीस येते. मंजुरीआधी काम सुरू करता येत नाही.

अहवालात पत्ता, कामाचे स्वरूप, सुरू होण्याची तारीख, प्रत्येक धोकादायक रसायनाचे नाव व कमाल प्रमाण, आवारातली कमाल माणसे, जबाबदाऱ्यांची रचना, कामगारांचे प्रशिक्षण हे सारे येते. सोबत दोन नकाशे हवेत. एक आवाराचा, साठ्याच्या जागा दाखवणारा. दुसरा परिसराचा, वस्तीसह. दुसरा नकाशा मन लावून करा. क्लोरीन हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट जड असतो, तो जमिनीलगत पसरतो आणि सखल भागात साचतो. उताराकडची चाळ, शाळा, नाला त्यात दिसलेच पाहिजेत.

सेफ्टी रिपोर्टचा कस लागतो तो उपकरणांच्या भागात. पी अँड आयडी (पाइप व उपकरणे कशी जोडली आहेत ते दाखवणारे ड्रॉइंग), प्रक्रियेतले दाब-तापमान, अलार्म, जादा दाब सोडणारे रिलीफ व्हॉल्व्ह, चटकन बंद होणारे व्हॉल्व्ह, वायू शोषून घेणारा कॉस्टिकचा स्क्रबर, देखभालीचे वेळापत्रक आणि आधी घडलेले अपघात, सगळे मांडायचे. माझा आग्रह एकच: ड्रॉइंग हातात घेऊन ऑपरेटरबरोबर लाइनवरून चालत जा. मागच्या शटडाउनमध्ये टाकलेली बायपास लाइन कागदावर नसेल, तर पुढचे धोक्याचे सगळे विश्लेषण चुकीच्या प्लांटचे होते. हा रिपोर्ट काम सुरू होण्याच्या ९० दिवस आधी द्यावा लागतो. त्यानंतर दरवर्षी कारखान्याशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाकडून सेफ्टी ऑडिट करून घ्यायचे आणि ऑडिट संपल्यापासून ३० दिवसांत प्रत पाठवायची.

ऑन-साइट आराखडा नव्या कारखान्यात काम सुरू होण्याआधी तयार हवा. मॉक ड्रिल दर सहा महिन्यांनी. गळणारा टनर फिरवून गळतीची जागा वर आणायची, म्हणजे द्रवाऐवजी वायू बाहेर पडतो आणि बाहेर जाणारे क्लोरीन खूप कमी होते, ही गोष्ट ड्रिलमध्ये हाताने करून बघितलेली असावी. रात्रपाळीच्या कंत्राटी कामगारांनाही त्यात घ्या.

टनर साठवण्याचा पेसोचा (केंद्राची पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना) परवाना वेगळा असतो, गॅस सिलिंडर नियम, २०१६ खालचा. पेसोचे मुख्यालय नागपूरला आहे. एक परवानगी असली म्हणून दुसरी टळत नाही.

नोटिफिकेशन झाल्यावर साठा वाढला किंवा प्रक्रिया बदलली, तर पुन्हा अहवाल द्यावा लागतो. आणि कुंपणापलीकडच्या लोकांना धोका कोणता, गळती झाल्यास काय करायचे व काय टाळायचे, हे काम सुरू होण्याआधीच सांगण्याची जबाबदारी १९८९ च्या नियमांतल्या नियम १५ ने भोगवटादारावर टाकली आहे. ते पत्रक त्यांना समजेल अशा भाषेत छापून घरोघर द्या.