गॅस हा शब्द आला कुठून?

पोटात होतो तोही गॅस, शेगडीत पेटतो तोही गॅस, आणि अमेरिकेत तर गाडीत भरायच्या पेट्रोललाही गॅस म्हणतात, ते लिक्विड असूनही, कारण तिथे तो गॅसोलिनचा शॉर्टफॉर्म आहे. रोजचे बहुतेक शब्द पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघाले ते कधीच कळत नाही, पण हा शब्द एका माणसाने ठरवून बनवलाय. यान बाप्टिस्ट व्हान हेल्माँट, ब्रसेल्सचा, डॉक्टर आणि केमिस्ट.

त्याने ६२ पौंड कोळसा जाळला, राख उरली १ पौंड. मग बाकीचे ६१ पौंड गेले कुठे? तो म्हणाला की ते दिसत नाही असं काहीतरी होऊन उडून गेले, भांड्यात कोंडता न येणारं, म्हणून त्याला तो रानटी म्हणायचा, आणि द्राक्षाचा रस आंबताना जे बुडबुडे येतात तेही हेच हे त्याने ओळखलं होतं, जे मला खरंच ग्रेट वाटतं. ग्रीक 'केऑस' शब्दावरून त्याने याला गॅस नाव दिलं. त्याची भाषा डच, आणि डच लोक ग घशातून खरखरीत काढतात, त्यामुळे त्यांच्या तोंडी दोन्ही शब्द बरेच जवळचे वाटतात. केऑस म्हणजे आज आपण गोंधळ समजतो, पण जुन्या ग्रीकमधे अर्थ होता आ वासलेली पोकळी.

तो १६४४ मधे गेला, हा शब्द असलेलं त्याचं पुस्तक मुलाने १६४८ ला छापलं. त्यानंतरही शंभरेक वर्षं केमिस्ट लोक 'हवा'च म्हणत राहिले, फ्रान्सच्या लव्हाझिए या केमिस्टने गॅस शब्द उचलून धरला तेव्हा कुठे तो रुळला.

मला हळहळ वाटते ती त्याच्या दुसऱ्या प्रयोगाची. त्याने २०० पौंड मातीत ५ पौंडाचं विलोचं रोप लावलं, ५ वर्षं फक्त पाणी घातलं, झाड झालं १६९ पौंडाचं आणि माती कमी झाली जेमतेम २ औंस. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचंच बनतं. पाण्याचा वाटा आहेच, पण लाकडातला कार्बन येतो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून, म्हणजे कोळसा जाळून जो मुख्यतः निघतो आणि ज्याला त्याने स्वतः नाव दिलं त्याच गॅसमधून! झाडाचं वजन या दोन्हींतून वाढतं हे १८०४ मधे जिनिव्हाच्या निकोला-तेओदोर द सोस्यूरने मोजून दाखवलं.